जुनी पिकअप घेताना: आधी चेसिस नंबर, मग बॉनेट

जुनी पिकअप बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून इंजिन धुऊन-पुसून, पाइपांवर पॉलिश मारून ठेवलेलं असतं. चावी फिरवली की गाडी एका झटक्यात सुरू होते, कुणीतरी म्हणतं, ‘इंजिनला हात लावायचं काम नाही मालक,’ आणि चहा येतो. चहा संपेपर्यंत सौदा अर्धा ठरलेला असतो.

माझ्या मते इंजिन हा पिकअपचा सगळ्यात सरळ भाग आहे. दुखलं तर आवाज करतं, धूर सोडतं, आणि ते खोलून बांधणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी सहज मिळतो. खर्चाचा आकडाही आधी कळतो. पहिल्यांदा गाडी घेणारा फसतो तो गाडीच्या खाली आणि मागे: चेसिस (गाडीचा खालचा पोलादी सांगाडा), पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), ब्रेक, आणि आरसीबुकात. सातारा-सांगली भागात शेतमालासाठी, दुधासाठी किंवा भाडं मारण्यासाठी पहिली जुनी पिकअप घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बोलेरो पिकअप असो, योद्धा, इंट्रा, दोस्त, सुपर कॅरी किंवा छोटा हत्ती असो, तपासायची पद्धत तीच.

पायरी १: फोनवरच विचारा, गाडीने काय वाहिलं?

किती किलोमीटर झाले हा प्रश्न नंतर विचारा. मीटर मागे फिरवता येतो, आणि पिकअपमध्ये किलोमीटरपेक्षा ओझं जास्त बोलतं. साठ हजार किलोमीटर वाळू आणि विटा ओढलेली गाडी घेण्यापेक्षा दीड लाख किलोमीटर द्राक्षाचे क्रेट वाहिलेली मी कधीही पत्करेन.

तासगाव-पलूसकडची द्राक्षाची, महाबळेश्वर-वाईकडची स्ट्रॉबेरीची गाडी बहुतेक हलक्या मालाची असते, पण घाट चढून-उतरून तिचे ब्रेक आणि क्लच दमलेले असू शकतात. दुधाची गाडी रोज पहाटे निघते आणि दर दोन मिनिटांनी थांबते. तिचा क्लच, स्टार्टर आणि दाराच्या बिजागऱ्या बघायच्या. ऊस, आलं, खत, सिमेंट यांची गाडी पाट्यांवर बसलेली असते. पोल्ट्रीच्या गाडीत कोंबड्यांची विष्ठा हौद्याच्या फटींतून खाली झिरपते आणि पत्रा, चेसिस दोन्ही खाते.

सगळ्यात जास्त जपून बघायची ती मासळीची गाडी. कुंभार्ली घाट चढून चिपळूणकडून आलेल्या, एमएच-०८ किंवा एमएच-०७ पासिंगच्या स्वस्त पिकअप आपल्याकडे विकायला येतात. त्यातल्या काहींनी वर्षानुवर्षं बर्फ आणि मासळी वाहिलेली असते. खारं पाणी हौद्यातून गळून थेट चेसिसच्या पोकळीत जातं आणि आतून गंज चढतो. वरून काळा रंग मारला की डोळ्याला काहीच दिसत नाही. गंजलेलं चेसिस ही किती महागाची गोष्ट आहे याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: अमेरिकेत टाकोमा आणि टुंड्रा या पिकअप व सिक्वोया या गाडीच्या गंजणाऱ्या चेसिसवरून टोयोटाने २०१६ मध्ये तडजोड केली, तेव्हा सुमारे १५ लाख गाड्या आणि ३.४ अब्ज डॉलरपर्यंतचा खर्च त्यात धरला होता. तिथे निदान कंपनीने भरलं. आपल्याकडे जुन्या गाडीचं गंजलेलं चेसिस घेणाऱ्याच्याच गळ्यात पडतं.

एजंट ‘घरगुती वापराची गाडी’ म्हणाला तर हसून पुढचा प्रश्न विचारा: फास्टॅगचं स्टेटमेंट दाखवता का? आणेवाडी आणि तासवडे नाक्यांवरच्या नोंदी बघितल्या की गाडी महिन्यातून किती वेळा पुणे-कोल्हापूर करत होती ते दिसतं. घरगुती गाडी आठवड्यातून चारदा रात्री दोन वाजता नाका ओलांडत नाही.

पायरी २: चेसिस नंबर मागा आणि रिकॉल बघा

आरसीचा फोटो मागवून घ्या. त्यातल्या दोन गोष्टी आधी वहीत उतरवा: पूर्ण चेसिस नंबर आणि गाडी तयार झाल्याचा महिना-वर्ष. नोंदणीची तारीख वेगळी आणि निर्मितीचा महिना वेगळा. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी मार्चमध्ये पासिंग झालेली असू शकते, आणि रिकॉल नेहमी निर्मितीच्या महिन्यावर ठरतं.

रिकॉल म्हणजे कारखान्यातूनच राहिलेली सुरक्षेची त्रुटी कंपनीने मान्य करून त्या गाड्या परत बोलावणं आणि फुकटात दुरुस्त करून देणं. क्लच प्लेट झिजली, बॅटरी गेली, सीटचं कव्हर फाटलं, हे रिकॉलमध्ये येत नाही. आपल्याकडे वाहन उद्योगाच्या ‘सियाम’ या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत घालून दिली. कायद्याचा आधार नंतर आला: मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-ए हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. आता सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबाबत पुरेशा तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं, आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे.

पिकअपमध्ये असं खरोखर घडलेलं आहे. महिंद्राने २०२१ मध्ये २९,८७८ पिकअप तपासणीसाठी बोलावल्या. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या गाड्यांमध्ये एक फ्लुइड पाइप नीट बसवला गेला नसल्याची शंका होती. मारुतीने २०२२ मध्ये ५,००२ सुपर कॅरी बोलावल्या. ४ मे ते ३० जुलै २०२२ मध्ये बनलेल्या या गाड्यांत क्लीनरच्या बाजूच्या सीटबेल्टच्या बकलचा ब्रॅकेट धरणारा बोल्ट नीट आवळला आहे का, ते बघायचं होतं. एक बोल्ट, पण अपघाताच्या क्षणी सगळा भार त्याच्यावरच येतो. या काळातली गाडी तुमच्यासमोर असेल तर हा प्रश्न हटकून विचारा.

जुनी गाडी घेणाऱ्याच्या हातून रिकॉल निसटतं याचं कारण अगदी साधं आहे. कंपनीचा मेसेज किंवा पत्र पहिल्या मालकाच्या नंबरवर जातं. त्याने गाडी विकलेली असते, नंबर बदललेला असतो, किंवा ‘सर्व्हिस सेंटरवाले बोलावतातच’ म्हणून तो मेसेज उडवतो. गाडी दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जाते आणि तो पाइप तसाच राहतो. रिकॉल मात्र चेसिसला चिकटलेलं असतं, मालकाला नाही. तिसरा मालक गेला तरी काम फुकटच.

तपासायचं कसं? बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकून बघायची सोय असते. ती नसेल किंवा जमत नसेल तर त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि काउंटरवर नेमकं असं विचारा: ‘या चेसिस नंबरवर रिकॉल किंवा सर्व्हिस कॅम्पेन पेंडिंग आहे का, आणि आधी झालेल्या कामाची नोंद आहे का?’ दोन्ही शब्द वापरा, कारण लहान दुरुस्त्या कंपन्या ‘कॅम्पेन’ या नावाखाली करतात आणि नुसतं रिकॉल विचारलं तर समोरचा ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. काम झालं असेल तर जॉबकार्डाची, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीची, प्रत मागा. याच खेपेत जमलं तर सर्व्हिसचा इतिहासही बघून घ्या. मीटर फिरवला असेल तर तो इथे उघडा पडतो: दोन वर्षांपूर्वीच्या जॉबकार्डावर एक लाख दहा हजार आणि आज डॅशबोर्डवर ब्याऐंशी हजार.

रिकॉल पेंडिंग निघालं म्हणून गाडी सोडू नका. ते काम करून मग ताबा द्या, असं मालकाला सांगा. त्याला पैसे लागत नाहीत. एवढ्यालाही तो टाळाटाळ करत असेल तर गाडी सर्व्हिस सेंटरच्या दारात न्यायची त्याला भीती का वाटते, याचा विचार करा.

पायरी ३: पुराची गाडी ओळखा

हे सांगलीसाठी वेगळं लिहावंच लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. सांगली, मिरज, पलूस, वाळवा, कराडच्या नदीकाठी कित्येक गाड्या पाण्यात राहिल्या. त्यातल्या दुरुस्त होऊन अजून फिरतात, आणि त्यात गैर काही नाही, विकणाऱ्याने सांगितलं तर. तो सांगत नाही.

सीट पुढे सरकवा आणि तिच्या रुळांकडे टॉर्च मारा. रुळाच्या खोबणीत तांबूस गंज आणि बारीक वाळलेला गाळ असेल तर पाणी सीटपर्यंत आलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ राहिलेली असते, कारण तेवढा पट्टा कुणी धुवत नाही. फ्यूज बॉक्स उघडून कनेक्टरच्या पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखं चढलंय का बघा. हेडलाइटच्या आत खालच्या कडेला पाण्याची रेषा. डॅशबोर्डच्या मागे हात घालून बोटं बाहेर काढा: धूळ आणि गाळ यांतला फरक बोटाला कळतो.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर पुराचं पाणी जास्त महागात पडतं, कारण सेन्सर आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) जुन्या गाडीच्या कितीतरी पट. मागच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. नो-क्लेम बोनस मध्येच शून्यावर आला असेल तर त्या वर्षी क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा.

पायरी ४: गाडीखाली जा

मिस्त्रीला बरोबर न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. जुने कपडे, टॉर्च आणि छोटा हातोडा घ्या. गाडी सपाट जागी उभी करून मागे दहा पावलांवरून बघा, हौदा एका बाजूला झुकलाय का. मग खाली सरका.

चेसिसवर हातोडा हलक्या हाताने मारत जा. चांगला पोलाद खणखणीत वाजतो, गंजलेला बद्द वाजतो आणि खपली पडते. मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चेसिसला जोडलेत तिथे आणि केबिनच्या लगेच मागे तडा किंवा वेल्डिंग शोधा. ओव्हरलोड गाडी आधी तिथेच थकते. कारखान्यातलं वेल्डिंग एकसारखं असतं, गॅरेजमधलं गाठीगाठीचं. सगळ्या गाडीवर धूळ आणि एवढ्याच टप्प्यावर ताजं डांबर किंवा काळा रंग दिसला तर तो खरवडायला लावा. मालक नको म्हणाला तर तुम्हीही गाडीला नको म्हणा.

आता पाटे. मोजा, आणि त्याच मॉडेलची दुसरी गाडी मार्केट यार्डात उभी दिसेल तिचेही मोजा. आपल्याकडे जादा माल भरायला एक-दोन पाटे वाढवायची पद्धत सर्रास आहे. त्यात वाईट काय, गाडी मजबूतच होते की, असं सगळे सांगतील. इथे थोडं थांबून समजून घ्या, कारण या मुद्द्यावर जीव अवलंबून आहे.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक छोटा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. तो चेसिसवर बसवलेला असतो आणि त्याच्यापासून एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग ॲक्सलपर्यंत जाते. माल भरला की चेसिस खाली दबतं, दांडी सरकते, आणि व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरलेली आहे. तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. गाडी रिकामी असेल तर तो मागचा ब्रेक कमी ठेवतो, म्हणजे चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा दबत नाही. व्हॉल्व्हच्या हिशोबाने ती रिकामीच. मग पसरणी घाटातून भरलेली गाडी उतरताना सगळं काम पुढचे ब्रेक करतात, तापतात, आणि ऐन वळणावर पेडल मऊ पडतं. कित्येक गाड्यांत ही दांडी तुटलेली किंवा तारेने बांधून ठेवलेली सापडते. मिस्त्रीला ती दाखवायला सांगा. पाटे वाढवलेले असतील तर मूळ संचावर आणायचा खर्च किमतीतून कापा.

तिथेच असताना डिफरन्शिअलच्या हौसिंगवर तेलाचा ओला डाग, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये ढिलाई, ब्रेकच्या लोखंडी पाइपांवर गंज, शॉकअपमधून गळती बघून घ्या. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा; वर-खाली खेळ निघाला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिन, आडवा निघाला तर टाय रॉड एंड. टायर एका कडेला झिजलेला असेल तर अलाइनमेंट किंवा ॲक्सल. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी ताजी दिसली तरी इतका जुना टायर घाटासाठी धरू नका.

आणि चेसिसवर कोरलेला नंबर स्वतः बोटाने पुसून आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. नंबराभोवती घासल्याच्या खुणा असतील तर पुढचं काही बघायची गरज नाही, घरी जा.

पायरी ५: थंड इंजिन, मग रस्ता

‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असं आदल्या दिवशी सांगा. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कशासाठी आधी चालू केली ते विचारा.

थंड इंजिनावर पहिल्या क्षणी थोडा धूर चालतो. निळा धूर राहिला तर इंजिन तेल खातंय, पांढरा दाट राहिला तर इंजेक्टर किंवा हेड गॅसकेट, रेस दिल्यावर काळा भपका निघाला तर डिझेल नीट जळत नाही. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण सैल करून बघा. झाकण उडायला लागलं आणि धुराचे फटकारे आले तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. कूलंटच्या बाटलीत तेलकट साय नको. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कुणी कितीही सांगितलं तरी उघडू नका.

बीएस-६ डिझेलमध्ये सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो साफ व्हायला पुरेसा तापतच नाही आणि चोंदतो. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो, गाडीचा दम कमी होतो. चावी फिरवल्यावर तो दिवा पेटून मग विझला पाहिजे. पेटतच नसेल तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा सिस्टिम बंद केलीये. फिल्टर कापून काढलेली गाडी स्वस्त मिळाली तरी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, त्रास तुमचा.

ब्रेक बूस्टर तपासायची सोपी रीत: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटी पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर व्हॅक्यूम मिळत नाही.

मग गाडी चालवा, पण रिकामी नव्हे. रिकामी पिकअप सगळ्याच चांगल्या पळतात. मालकाशी बोलून सात-आठ पोती टाका आणि चढावर न्या. साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा चढ पुरतो. सांगलीकडे सपाटी जास्त, तेव्हा जवळचा एखादा उड्डाणपूल तरी धरा. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडा. गिअर स्वतःहून निसटला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. क्लच सोडताना मागून ‘टक्’ आला तर क्रॉस, ठराविक वेगाला घोंघावणं सुरू झालं तर डिफरन्शिअलमधलं क्राउन-पिनियन. हात क्षणभर सैल सोडा, गाडी एका बाजूला ओढते का बघा. ब्रेक जोरात दाबून बघायचा तो मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना.

परतताना वजनकाट्यावर गाडी रिकामी करून तोला. आरसीवर ‘अनलेडन वेट’, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, लिहिलेलं असतं. हौदा जाड पत्र्याचा करून घेतलेला असेल, वर लोखंडी पिंजरा असेल तर दोन-तीनशे किलो इथेच वाढलेले दिसतील. एकूण वजनाची मर्यादा तीच राहते, म्हणजे कायद्याने तेवढा माल तुम्ही कमी भरायचा. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. काट्याची पावती भाव करताना कामाला येते.

पायरी ६: कागद

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, पासिंगची मुदत, विमा, पीयूसी आणि कर बघा. ई-चलानची थकबाकी वेगळी बघा. पिकअपवर ती हजारांत असू शकते आणि ट्रान्सफरच्या वेळी समोर येते.

आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर ‘हप्ते संपलेत’ हे तोंडी चालत नाही. कंपनीचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. हप्ते थकल्यामुळे ओढून आणलेल्या गाड्या लिलावात स्वस्त मिळतात, पण त्या शेवटचं वर्षभर सर्व्हिसिंगविना पळवलेल्या असतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० भरायचे. कोरे सही करून ठेवलेले फॉर्म घेऊन महिनोन् महिने तशीच गाडी चालवणारे खूप आहेत. अपघात झाला तर जुना मालक आणि तुम्ही दोघंही अडकता. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवस. जत-मिरजेकडे केए-२३ किंवा केए-२८ पासिंगच्या गाड्या कमी भावात दिसतात. त्यांना तिकडच्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवीन नोंदणी लागते. हे सगळं धरून मग भाव स्वस्त वाटतो का बघा.

माल वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागतं. म्हणून सात वर्षांची आणि नऊ वर्षांची गाडी यांच्या भावात फरक हवाच. आरसीवर एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यावर असेल तर चालू परमिट मागा. १ एप्रिल २०१९ आधीच्या नोंदणीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का, तेही. लायसन्सचं कोडं आता सुटलंय: ७,५०० किलोपर्यंतचं माल वाहन साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. हौद्यात मजूर बसवायची सवय मात्र लावून घेऊ नका. माल वाहनातल्या अशा माणसांची भरपाई विमा कंपन्या नाकारतात.

पायरी ७: ताबा घेतल्यावर पहिला महिना

इसार चेकने किंवा ऑनलाइन द्या आणि पावतीवर चेसिस नंबर, मीटरचं रीडिंग, ताब्याची तारीख आणि वेळ लिहा. वेळ यासाठी की त्या दिवशी सकाळी त्याच्याकडून काही घडलं असेल तर ते तुमच्या माथी येऊ नये.

इंजिन ऑइल, फिल्टर, डिझेल फिल्टर, गिअर आणि डिफरन्शिअलचं तेल, कूलंट सगळं बदला, मालक ‘कालच बदललं’ म्हणाला तरी. ब्रेक ऑइल आधी बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल धरलेलं तेल घाटात तापलं की त्यात वाफ होऊन पेडल पोकळ होतं. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल आणि बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल तर तोही बदलून टाका. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि मग खरंच इंजिन खोलायची वेळ येते.

त्यानंतर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एकदा जाऊन तुमचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर त्या चेसिस नंबरसमोर चढवून घ्या. आरटीओत नाव लागलं म्हणजे कंपनीकडे आपोआप लागत नाही. पुढे त्या मॉडेलचं रिकॉल निघालं तर मेसेज तुम्हाला येईल, करंजेत किंवा कुपवाडात बसलेल्या जुन्या मालकाला नाही. गाडीत तोच तो बिघाड पुन्हा पुन्हा येत असेल, विशेषतः ब्रेक, स्टेअरिंग, इंधनाची गळती किंवा आगीसंबंधी, तर प्रत्येक वेळी जॉबकार्डावर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहू देऊ नका. परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर रिकॉलसाठीची तक्रार नोंदवता येते, आणि तिथे हीच जॉबकार्डं जोडावी लागतील.